आमच्या घराण्यात असलं काही नाही

माझी आत्या कपडे शिवत नाही, शिवलेले कपडे दुरुस्त करते. कंबर आत घेणं, बाहेर सोडणं, बाह्या आखूड करणं, बिघडलेली चेन बदलणं, एवढंच तिचं काम. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल, भिंतीतल्या चार खुंट्या आणि आत्या. गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि आत्यानं उठताना मान वाकवायची, नाहीतर जिन्याची पायरी डोक्याला लागते. मान वाकवायचा तिच्या आयुष्यात येणारा हा एकमेव प्रसंग.

घराण्यात तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात, आणि ते धंद्यावरून नव्हे. माझ्या वडिलांशी, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाशी, ती सहा वर्षं बोलत नव्हती. हेडमास्तरकाकांशी, हे वडिलांचे चुलत भाऊ, सतरा वर्षं. कारणं तिला तारखांसकट पाठ. वडिलांच्या बाबतीतलं कारण माझं लग्न होतं. पत्रिकेवर निमंत्रकांची एकतीस नावं छापली होती. त्यात वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबांचं होतं, आत्याचं नव्हतं. प्रूफ मी तपासलं होतं. चूक माझ्या लक्षातही आली होती. पण छापखानेवाला घाईत होता, आणि खरं सांगायचं तर, लग्नात भांडणारं एक माणूस कमी होईल असं मलाही वाटलं. झालं उलटंच. ती मांडवात आली, पत्रिका वाचून दाखवली आणि गेली.

आता घराण्याविषयी. आमच्या घराण्यात कुणाला काही होत नाही. माणसं फक्त मरतात. आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले ते ‘वातानं’. त्यांचे थोरले भाऊ, हेडमास्तरकाकांचे वडील, गेले ते ‘काविळीनं’. माझे धाकटे काका बेचाळिसाव्या वर्षी ‘अल्सरनं’. तिघंही जाताना काडीसारखे झाले होते, तर त्यावर ‘आमच्याकडे बांधाच सडपातळ’ हे उत्तर तयार होतं. काका शेवटचा महिनाभर ज्या वॉर्डात होते त्याच्या दारावर ‘कर्करोग विभाग’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या पाटीखालून जाताना आमची सगळी मंडळी बुटांकडे बघत चालत. काका गेले त्या दिवशी, भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली असताना, कुणीतरी विचारलं काय झालं होतं, आणि आत्या म्हणाली, ‘‘कॅन्सर.’’ जणू ती काही भलतंच बोलली. धाकट्या काकूनं तिला दाराबाहेर काढलं. तेव्हापासून त्या दोघींचंही बंद, त्याला नऊ वर्षं झाली.

पुढे वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘घरात कुणाला कर्करोग?’’ वडील ताठ बसून म्हणाले, ‘‘छे! आमच्या घराण्यात असलं काही नाही.’’ डॉक्टरांनी कागदावर रेघ मारली. ते तरी काय करणार? ते एकटे, आणि आमची तीन पिढ्यांची तयारी.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या आरोग्य खात्यानं एक तपासणी सुरू केली. अठरा वर्षांवरच्या कुणीही केंद्रात यायचं, नळीत थुंकायचं आणि घरी जायचं. आईबापांकडून अंगात उतरलेले काही दोष थुंकीतून कळतात, त्यातला एक आतड्याच्या कर्करोगाचा. त्या केंद्रातली एक नर्स आत्याची गिऱ्हाईक होती. गणवेशाची कंबर सोडवून घेताना ती म्हणाली, ‘‘पूर्वी ज्यांच्या घरात दोन-तीन जणांना झालाय त्यांनाच ही तपासणी सुचवायचे, ताई. पण लोक घरातलं सांगतात कुठं? कुणाला माहीत नसतं, कुणी लपवतं. अर्धीअधिक माणसं निसटायची. म्हणून आता सरसकट सगळ्यांची. काही विचारायचंच नाही, थुंका म्हणायचं.’’

‘लपवतं’ हा शब्द आत्याला बरोबर जागी लागला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती केंद्रात गेली. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नव्हतं. तो अर्धा तास तिनं रांगेत मध्ये घुसलेल्या एका गृहस्थाशी भांडण्यात सत्कारणी लावला. परिणामी नळी हातात आली तेव्हा तोंडाला कोरड. जिच्या तोंडाला सगळं घराणं टरकून असतं, तिच्या तोंडातून थेंब निघेना. नर्स म्हणाली, ‘‘ताई, दहा मिनिटं गप्प बसा, आपोआप येईल.’’ आत्याच्या मते त्या सगळ्या प्रकरणातला खरा त्रास तेवढाच.

सात आठवड्यांनी केंद्रातून फोन आला. एका छोट्या खोलीत समुपदेशक म्हणून एक तरुण बाई बसली होती. तिनं सांगितलं की दोष सापडला आहे. याचा अर्थ आजार झालाय असा नाही, पण होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. आतड्याचा, आणि बायकांत गर्भाशयाचाही. मग तिनं एक कोरा कागद घेतला आणि चौकोन, गोल काढायला सुरुवात केली. पुरुष चौकोनात, बायका गोलात. हे सगळं आत्यानं मला नंतर सांगितलं, आणि आत्या सांगते तेव्हा समोरच्याचं बोलणंही त्याच्याच आवाजात म्हणून दाखवते.

‘‘तुमचे वडील कशानं गेले?’’

‘‘घरात सांगतात ते सांगू, की झालं ते?’’

‘‘दोन्ही सांगा.’’

आत्यानं पिशवीतून वही काढली. एकोणिसाव्या वर्षापासून तिनं दुरुस्त केलेल्या प्रत्येक कपड्याचं माप तिच्या वह्यांत आहे. वह्या फेकायच्या नाहीत हा तिचा नियम. तिच्या वडिलांची, म्हणजे आजोबांची कंबर: चौतीस, तेहेतीस, एकतीस, एकोणतीस. आठ महिन्यांत. धाकटा भाऊ: छत्तीसवरून तीस, पाच वेळा आत घेतलेली, शेवटची पँट न्यायला कुणी आलंच नाही. त्या समुपदेशक बाईनं आपलं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि चौकोनांखाली ते आकडे जसेच्या तसे लिहून घेतले. आमच्या घराण्याचा खरा इतिहास पहिल्यांदा कागदावर आला तो असा, इंचांत.

महिन्याभरात आत्याची दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेऊन ती दिवसभर संडास आणि खाट एवढ्याच प्रवासात होती, आणि त्या कंपनीला तिनं दिलेल्या शिव्या शेजाऱ्यांना आजही आठवतात. आतड्याच्या भिंतीवर दोन छोटे कोंब सापडले. तिथल्या तिथे काढले. डॉक्टर म्हणाले, ‘‘यातल्या एकानं पुढे नक्की रंग दाखवला असता. आता दर वर्षी येत जा, उगवला की काढू.’’

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण समुपदेशक बाईनं तिच्या हातात एका पत्राच्या बारा प्रती ठेवल्या. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून येतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी, शिवाय चुलत भावंडं, भाचरं. सगळ्यांना कळवायला हवं.

‘‘पण मी त्यांच्याशी बोलत नाही,’’ आत्या म्हणाली.

‘‘कुणाशी?’’

‘‘कुणाशीच.’’

‘‘मग आम्ही पोस्टानं पाठवू?’’

‘‘नको. पोस्टानं आलेलं दादा वाचणार नाही. दारात गेले तर निदान चिडून तरी वाचेल.’’

एका रविवारी सकाळी अकराला आमची बेल वाजली. वडिलांनी दार उघडलं, समोर आत्या. वडील दारातच उभे राहिले. ना आत ये, ना जा. शेवटी आई आतून म्हणाली, ‘‘अहो, वन्संना आत तरी येऊ द्या.’’ आत्या आत आली पण बसली नाही. तिनं पत्र पुढे केलं आणि काय झालं, काय सापडलं, काय करायला हवं, हे चार वाक्यांत सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. माझ्याविषयीही तिनं एक वाक्य ठेवलं होतं: ‘‘दादाला असेल तर यालाही असू शकतं.’’

वडिलांनी पत्र घेतलं, चष्मा लावला, वाचलं, घडी घातली. ‘‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’’

‘‘दादा, मी कुठल्या घराण्यातली?’’

‘‘तुझ्यात निघालं, तुझ्यापुरतं. तुला आमचं बरं बघवत नाही हे मला माहीत होतं, पण इतक्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं.’’

‘‘थुंकले, दादा. नळीत थुंकले. याच्यात कसला थर?’’

ती गेल्यावर तासाभरात घराण्याचं सूत्र ठरलं, आणि ते ठरवलं अर्थातच हेडमास्तरकाकांनी, फोनवरून. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण निकाल जाहीर करायची सवय गेली नव्हती. ते म्हणाले, ‘‘बघा, आपण इतके जण. निघालं कुणाला? तिला. मग दोष घराण्याचा की तिचा?’’ हा युक्तिवाद सगळ्यांना फार आवडला. घराण्यातल्या दुसऱ्या कुणी तपासणीच केली नव्हती, हा मुद्दा काढायला तिथं कुणी अशिक्षित नव्हतं.

धाकट्या काकूच्या दारात आत्या गेली तेव्हा काकूनं दार लोटून घेतलं आणि फटीतून सांगितलं, ‘‘वन्सं, हात जोडते. मुलीचं लग्न ठरेपर्यंत हा विषय नको. नंतर काय सापडायचंय ते सापडू दे.’’ नंतर म्हणजे नवऱ्याच्या घरी, हे तिनं म्हटलं नाही. काकूची मुलगी, माझी चुलत बहीण, सव्वीस वर्षांची, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासते. ती आतून आली, आईच्या खांद्यावरून हात बाहेर काढला आणि म्हणाली, ‘‘आत्या, माझं मला दे.’’

मला काय वाटलं, हे विचाराल तर मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे काहीच नाही. पत्र माझ्या बॅगेत होतं. दर सोमवारी ठरवायचो, या आठवड्यात जाऊ.

मग आईनं एक गोष्ट केली. वडिलांच्या चार पँट पिशवीत भरून ती गुपचूप जिन्याखाली गेली. वडिलांना सैल होत होत्या. ‘फिरायला जातो ना रोज, त्यानं,’ असं वडील म्हणत. आत्यानं पँट हातात घेतली, टेप लावला.

‘‘किती घेऊ आत?’’

‘‘तीन इंच,’’ आई म्हणाली.

आत्यानं खडू खाली ठेवला. ‘‘वहिनी, बाबांची पँट मी चार वेळा आत घेतली. धाकट्याची पाच वेळा. दिसत होतं मला. गप्प बसले आणि शिलाई मारत राहिले. ही मी घेणार नाही. पँट इथेच राहू दे, माणसाला घेऊन ये.’’

आणि चारही पँट तिनं खुंटीला लावल्या.

आई घरी आली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला काही लपवून न ठेवता सांगितलं. वडील भडकले. शहरात दुसरे टेलर काय मेले आहेत? उरलेली एकुलती एक पँट हातानं धरून ते कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेले. तो म्हणाला, ‘‘साहेब, मी नवीनच शिवतो. दुरुस्ती तिकडे, जिन्याखालच्या बाई करतात.’’ पुढच्या गल्लीतला म्हणाला, ‘‘त्या बाईंचं काम मी घेत नाही, एकदा घेतलं होतं.’’ मग वडिलांनी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग त्याच्यापुढे आणखी एक, आणि शेवटी रागानं लाल होऊन जाहीर केलं, ‘‘जातो! थुंकतो! काही नाही असा रिपोर्ट आणतो आणि तिच्या मशीनवर आपटतो!’’

माझे वडील स्वतःच्या जिवासाठी हलले नसते. बहिणीला खोटं पाडायला मात्र ते सकाळी साडेसातला रांगेत पहिले होते. मीही त्यांच्याबरोबर गेलो, त्यांना सोबत म्हणून. निदान मी तसं सांगितलं.

रिपोर्ट आले. वडिलांत तोच दोष. माझ्यातही. डॉक्टरांनी वडिलांचं वय आणि उतरलेलं वजन बघून दुर्बिणीची तपासणी त्याच आठवड्यात घेतली. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं, आतड्याचा हातभर तुकडा काढला. गाठ भिंतीच्या आतच होती, बाहेर पडली नव्हती. सर्जन म्हणाले, ‘‘आणखी सहा महिने बेल्टला भोकं पाडत बसला असता, तर मी आज वेगळं काही सांगत असतो.’’

दवाखान्यात आत्या रोज चारच्या सुमाराला यायची. वडिलांच्या खाटेपासून दोन फुटांवर उभी राहायची आणि आईशी बोलायची. ‘‘वहिनी, त्याला सांग, खोकताना पोटावर उशी धरायची.’’ आई वळून सांगायची. वडील म्हणायचे, ‘‘सांग तिला, ऐकू येतंय.’’ दहा दिवस माझी आई दोन फुटांवरची दुभाषी होती.

वडील बरे झाले. नुसते बरे नाही, जाणकार झाले. सकाळी फिरायला जातात तिथल्या बाकावर त्यांचं व्याख्यान असतं. ‘‘मला आधीपासूनच शंका होती. म्हटलं, घरात तीन माणसं गेलीत पोटाच्या आजारानं, हे योगायोगानं होत नाही. स्वतःहून गेलो, तपासलं, वेळेवर सापडलं. लोक ना, लपवतात हो.’’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बहीण या व्याख्यानात येत नाही.

चुलत बहिणीतही दोष निघाला. दुर्बिणीत मात्र सध्या काही नाही. आता येणाऱ्या प्रत्येक स्थळाला ती पहिल्याच भेटीत सगळं सांगते, कागदासकट. तिघं आतापर्यंत ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच. काकू डोकं धरून बसते. बहीण म्हणते, ‘‘आई, चाळणी चांगली लागलीय. यापूर्वी जो नमुना तू पसंत केला होतास, तो हिच्यातून उतरला नसता.’’

राहिले हेडमास्तरकाका. त्यांनी सगळ्यांच्या नकळत तपासणी केली आणि त्यांच्यात दोष नाही असं निघालं. ते निघाल्यावर मात्र नकळत काही राहिलं नाही. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी रिपोर्टचे फोटो टाकले, सरळ एक, आडवा एक. खाली लिहिलं, ‘मी प्रथमपासून म्हणत होतो.’ आता त्यांचं नवं सूत्र असं की घराणं निर्दोष आहे, फांदी तुमची किडकी आहे. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानं त्यांच्याच जिवावर निश्चिंत होऊन आपली तपासणी रद्द केली. एकाचा चांगला निकाल भावाला लागू होत नाही, हे शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला कसं सांगायचं? आत्यानं सांगितलं. सतरा वर्षांनी फोन लावून, आवाज न चढवता, दोन मिनिटं. त्यांनी फोन ठेवून दिला. धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात जाऊन थुंकून आला. त्याचा रिपोर्ट अजून यायचाय.

मी आणि आत्या आता दुर्बिणीच्या तपासणीला एकाच दिवशी जातो. मी आधी, ती नंतर, म्हणजे माझी गुंगी उतरली की तिला घरी न्यायला मी असतो. माझ्यात अजून काही सापडलेलं नाही. तिच्यात या वर्षी एक कोंब होता, काढला. तिथल्या परिचारिकांना ती फार आवडते. हे मला आधी खरं वाटलं नाही. पण गुंगीच्या औषधानं आत्याचं काहीतरी होतं. ती खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांचं कौतुक करते. ‘‘किती छान सुई टोचलीस गं,’’ म्हणते. या खेपेला तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘दादाला फोन लाव.’’

मी लावला. तिच्या कानाला धरला.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘जेवलास का? थोडं थोडं खात जा रे, चारदा खा. आणि पायऱ्या पळत चढू नको.’’ मग ती बरंच काही बोलली, कुठल्या तरी जुन्या सायकलीविषयी, आणि हसली. पलीकडून वडीलही काहीतरी बोलत होते. मला ऐकू आलं नाही. चार मिनिटं चाललं ते.

तासाभरानं ती उठून बसली, केस नीट केले, आणि परिचारिकेनं चहात साखर जास्त घातली म्हणून तिला फैलावर घेतलं. रिक्षात मी म्हटलं, ‘‘आत्या, तू बाबांशी बोललीस.’’

‘‘मी? शुद्धीत आहेस का तू?’’

घरी आल्यावर वडिलांना विचारलं. ते पेपर वाचत होते. ‘‘कुणाचा फोन? रॉंग नंबर होता,’’ ते म्हणाले.

आत्याच्या तपासणीची पुढची तारीख मार्चमधली आहे. परवा वडिलांनी ती विचारली. काल पुन्हा विचारली, आणि या वेळी किती वाजता तेही.